चिकूचा चीक आणि च्युइंगगम

भोजनोत्तर काहीतरी चघळून मुख शुद्ध करावे ही चाल आपल्याकडे विड्याने सांभाळली; अन्य देशांत ती झाडांच्या डिंकाने व राळेने सांभाळली. ग्रीसमधील खिऑस बेटावरचा मस्तकी नावाचा सुगंधी डिंक लोक प्राचीन काळापासून चघळीत आले आहेत. डेन्मार्कमध्ये तर भूर्जवृक्षाच्या सालीपासून केलेल्या राळेचा, सुमारे ५,७०० वर्षांपूर्वी चघळून टाकलेला गोळा सापडला. त्यात उरलेल्या अंशांवरून तो चघळणाऱ्या स्त्रीची आनुवंशिक घडण शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये वाचून काढली. सारांश, ही सवय माणसाइतकीच जुनी म्हणावयास हरकत नाही.

परंतु आज च्युइंगगम म्हणून जी वस्तू बाजारात मिळते, तिचे मूळ आपल्या ओळखीच्या एका झाडात आहे. ते झाड म्हणजे चिकू. घोलवड-डहाणूच्या बागांनी त्याला इतके आपलेसे केले आहे, की तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा हे आपल्या ध्यानीही येत नाही. त्याच्या खोडाला चिरा पाडल्या म्हणजे दुधासारखा चीक पाझरतो. तो आटवून त्याच्या वड्या पाडतात. त्यास तिकडे ‘चिक्ले’ म्हणतात. आपला ‘चीक’ आणि हा शब्द यांतील साम्य केवळ योगायोगाचे आहे. सोळाव्या शतकात सहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने लिहून ठेविले आहे, की अझ्टेक लोकांत अविवाहित मुलींनी हा चीक चारचौघांत चघळलेला चाले. विवाहित स्त्रियांनी मात्र तो एकांतात चघळावा, असा शिष्टाचार होता.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील विल्यम सेंपल या गृहस्थाने च्युइंगगमचे पेटंट २८ डिसेंबर १८६९ रोजी मिळविले. त्याच्या गमचा आधार रबर हा होता, आणि दात स्वच्छ व्हावेत म्हणून त्यात खडू व कोळसा यांची पूड घालण्याची योजना होती. त्याच सुमारास मेक्सिकोचा पदच्युत अध्यक्ष सांता आना न्यूयॉर्कला निर्वासित असता त्याच्यामार्फत चिक्ले थॉमस ॲडम्स यांच्या हाती आले. त्यापासून गाड्यांच्या चाकांसाठी स्वस्त रबर करावे असा बेत होता. तो साफ फसला. तेव्हा ॲडम्स यांनी तोच माल चघळण्यासाठी विकावयास काढला, आणि १८७१ मध्ये गम तयार करण्याच्या यंत्राचे पेटंटही घेतले.

पुढे मागणी इतकी वाढली, की झाडांना ती पुरविणे अशक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक कारखानदार खनिज तेलापासून केलेल्या कृत्रिम द्रव्यांकडे वळले. त्यांपैकी ब्यूटिल रबर हे टायरच्या आतल्या ट्यूबसाठीही वापरतात, आणि पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे सुतारकामाच्या पांढऱ्या चिकट द्रवातही असते. काळाचा न्याय पाहा: झाडाच्या चिकापासून चाकाचे रबर करू गेलेल्यांचा धंदा अखेर चाकाचे रबर माणसाच्या मुखी घालून स्थिरावला!

यावरून लगेच निकाल देणे मात्र न्यायाचे होणार नाही. खाद्यासाठी शुद्ध केलेली ही द्रव्ये पोटात पचत नाहीत. चुकून गिळलेला तुकडा बहुधा मलावाटे निघून जातो. तो सात वर्षे आतड्यात चिकटून राहतो, ही निव्वळ दंतकथा आहे. मात्र लहान मुलांनी वारंवार गम गिळल्याने आतड्यात अडथळा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

खरा अपाय साखरेचा. दातांवरील जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि ते आम्ल दातांचे कवच झिजविते. साखर नसलेल्या गमची गोष्ट निराळी. चघळण्याने लाळ सुटते, लाळ आम्ल मारते. म्हणून जेवणानंतर सुमारे वीस मिनिटे असा गम चघळणे दातांस हितकर ठरते. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत झायलिटॉल या गोड द्रव्याच्या गमने दातांची कीड कमी होते असे दिसून आले. तथापि अतिरेक येथेही वर्ज्यच. सॉर्बिटॉलसारखी गोड द्रव्ये फार पोटात गेली तर जुलाब होतात, आणि सतत चघळण्याने जबड्याचा सांधा दुखू लागतो. घरी कुत्रा असेल तर झायलिटॉलचा गम त्याच्यापासून दूरच ठेवावा; त्याला ते विष आहे.

२०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी एका प्राथमिक पाहणीत सांगितले, की एक ग्रॅम गममधून सरासरी शंभरेक सूक्ष्म प्लास्टिककण लाळेत उतरतात. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गममध्येही ते आढळले. त्यांपासून अपाय होतोच, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही.

माझा आक्षेप वैद्याचा नसून वकिलाचा आहे. च्युइंगगमच्या वेष्टणावर साखर, रंग, सुगंध यांची नावे असतात. पण ज्याचा तो गोळा बनतो त्याविषयी बहुधा ‘गम बेस’ हे दोनच शब्द असतात. या दोन शब्दांच्या आड चिकूचा चीक आहे की तेलापासून केलेले रबर, हे ग्राहकाने कसे ओळखावे? आपल्या विड्यात पान, चुना, कात, सुपारी काय आहे ते खाणाऱ्यास दिसते. म्हणूनच सुपारी कर्करोगास कारण होते असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केला, तेव्हा काय टाळावे हे आपणांस कळले. जे दिसते ते टाळता येते. मुखात जाणाऱ्या वस्तूचे खरे नाव कळणे हा खाणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो दोन मोघम शब्दांत बुजविण्याची मुभा कोणत्याही कायद्याने देऊ नये.