श्वासाला हवेचा टेकू

घोरणें हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. लग्नघरीं गाद्या घालतांना घोरणाऱ्या पाहुण्याला अगदीं टोंकाला जागा द्यावयाची आणि सकाळीं चहाच्या वेळीं त्याची यथेच्छ थट्टा करावयाची, ही रीत पुष्कळ घरांतून चालत आलेली आहे. आमच्या घरींहि असे एक काका होते. त्यांचें घोरणें ऐन रंगांत आलें असतां एकाएकीं थांबे. दहा, पंधरा, वीस सेकंद अगदीं निःशब्द शांतता. मग बुडणाऱ्या माणसानें पाण्यावर डोकें काढावें तसा एक मोठा हुंदका, आणि पुन्हां तोच क्रम. आम्हां मुलांना त्या शांततेची गंमत वाटे. काकू मात्र जाग्या असत. त्या शांततेंत त्या काकांच्या पुढच्या श्वासाची वाट पाहात असत, हें आम्हांला फार वर्षांनीं कळलें.

त्या शांततेला वैद्यकांत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेंतील श्वासावरोध, असें नांव आहे. तिच्यावर एक यंत्र निघालें आहे. तें घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर कोणतें, हा प्रश्न आतां पुष्कळ कुटुंबांत पडूं लागला आहे. श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या यादीपेक्षां त्या यंत्राच्या इतिहासांत अधिक स्पष्ट मिळतें, असें मला वाटतें. म्हणून आज तो इतिहासच सांगण्याचें योजिलें आहे.

या रोग्याचें पहिलें प्रसिद्ध चित्र एका कादंबरीकारानें काढलें. चार्लस् डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६-३७ मध्यें क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत ज्यो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, निरोप पोंचवितांना झोपतो आणि झोपला कीं घोरतो. वाचक हंसले. पुढें १९५६ सालीं अमेरिकेंत सिडनी बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं एका अतिस्थूल रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्याच्या विकाराला त्या कादंबरीवरूनच ‘पिकविकियन’ हें नांव दिलें. हा रोगी व्यापारी गृहस्थ होता. पत्त्यांच्या डावांत तीन एक्के व दोन राजे असा उत्तम हात त्याला आला असतां त्याला डुलकी लागली आणि डाव हातचा गेला! तेव्हां कोठें आपण आजारी आहों असें वाटून तो रुग्णालयांत आला.

बर्वेल यांनीं त्याचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांत कार्बन डायॉक्साइड फार सांठलेला आढळला. दिवसाच्या झोपेचें कारण हाच वायु, असें अनुमान त्यांनीं काढलें. अनुमान अगदींच चुकीचें नव्हतें, पण तें अपुरें होतें; कारण दिवसां झोपणारा हा मनुष्य रात्रीं काय करतो, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें. डॉक्टर रोग्याला दिवसां तपासतात. रात्रीचा साक्षीदार म्हणजे त्याची बायको, आणि तिची साक्ष कोणीं घेतली नव्हती.

ती साक्ष यंत्रांनीं दिली १९६५ मध्यें. फ्रान्समधील मार्सेय येथें गास्तो, तासिनारी व ड्युरों यांनीं, आणि जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें युंग व कूलो यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, असल्या रोग्यांच्या मेंदूच्या लहरी व श्वास यांची रात्रीची नोंद घेतली. कागदावर स्पष्ट उमटलें कीं, झोप लागतांच श्वास वारंवार बंद पडतो आणि दर वेळीं मेंदु क्षणभर जागा होऊन तो सुरू करतो. मार्सेयच्या मंडळींनीं आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. छाती व पोट श्वास घेण्याची धडपड करीतच असतात; वाट बंद झालेली असते ती घशांत.

जिभेच्या व मृदु टाळूच्या मागें घशाचा जो भाग आहे त्याला हाडाची किंवा कूर्चेची पूर्ण चौकट नाहीं. जागेपणीं तेथील स्नायु वाट उघडी ठेवतात. झोपेंत ते सैल पडतात. कोणाचा घसा मुळांत अरुंद असतो, कोणाचा जबडा मागें सरलेला असतो, कोणाच्या मानेवर मेद असतो. अशा माणसानें श्वास आंत ओढला कीं, ओल्या कागदाच्या नळींतून सरबत ओढतांना नळी चपटते तसा घसा चपटतो. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, मेंदु दचकून जागा होतो, हुंदका येतो आणि वाट मोकळी होते. हें रात्रींतून शेंकडों वेळां घडूं शकतें. सकाळीं उठल्यावर त्या माणसाला कांहींहि आठवत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, झोप पुरी झाली नाहीं. कचेरींत तो आळशी ठरतो. मोटार चालवीत असला तर गोष्ट आळशीपणावर भागत नाहीं.

कारण कळल्यावर उपायहि सरळ सुचला, आणि तो भयंकर होता. अडथळा घशांत आहे ना? मग त्याच्या खालीं श्वासनलिकेलाच छिद्र पाडावें! कूलो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा उपाय १९६९ मध्यें प्रसिद्ध केला. रोगी दिवसां त्या छिद्राला बूच लावी आणि रात्रीं तें काढून झोपे. गुण विलक्षण येई. परंतु गळ्याला जन्माची जखम, तिची रोजची साफसफाई, खोकला, पू होण्याची धास्ती, आणि चारचौघांत वावरण्याचा संकोच, ही त्याची किंमत होती. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें गिलेमिनो, टिल्कियन व डिमेंट यांनीं १९७६ मध्यें या विकाराचें सविस्तर वर्णन केलें, आणि तो केवळ लठ्ठ माणसांचा विकार नव्हे हें लोकांच्या ध्यानांत येऊं लागलें. म्हणजे रोगी वाढले. उपाय मात्र तोच राहिला.

येथें ऑस्ट्रेलियांतील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांचा प्रवेश होतो. टोरांटो येथें एलियट फिलिपसन यांच्याजवळ कुत्र्यांच्या झोपेंतील श्वसनाचा अभ्यास करून ते मायदेशीं परतले होते. १९८० च्या जूनमध्यें त्यांच्याकडे बांधकामावर काम करणारा एक मजूर आला. त्याचा विकार पराकोटीला गेलेला होता. त्याला छिद्राचा उपाय सुचविण्यांत आला, आणि त्यानें साफ नकार दिला. मात्र दुसरा कांहीं प्रयोग करावयाचा असेल तर आपली तयारी आहे, असें त्यानें सांगितलें. वैद्यकाच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें राहतात आणि नकार देणारांचीं राहात नाहींत. पण या प्रसंगीं त्या मजुराचा नकार हेंच शोधाचें निमित्त झालें, यांत मला शंका नाहीं.

सलिव्हन यांची कल्पना अशी कीं, घसा चपटतो तो आंतील दाब कमी झाल्यामुळें. मग नाकावाटे थोड्या अधिक दाबाची हवा सतत सोडली तर ती हवाच घशाला आंतून टेकू देईल. त्यांनीं व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, ती हवा ओढण्याऐवजीं फुंकील अशी जोडली आणि तिची नळी रोग्याच्या नाकावरील मुखवट्याला लावली. रोगी झोपला, श्वास अडूं लागला. हवेचा दाब हळूहळू वाढविला. श्वास मोकळा झाला. दाब कमी केला. श्वास पुन्हां अडला. पुन्हां वाढविला, पुन्हां मोकळा. शंकेला जागाच उरली नाहीं. तो मजूर गाढ झोपला, आणि सकाळीं कित्येक वर्षांत प्रथमच ताजातवाना होऊन उठला.

पांच रोग्यांची ही हकीकत १९८१ च्या एप्रिलमध्यें ‘लॅन्सेट’ या पत्रांत प्रसिद्ध झाली. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याइतका. वातावरणाचा दाब याच मापानें हजाराच्या वर भरतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा टेकू किती हलका आहे तें समजेल. सतत धन दाब देणाऱ्या या रीतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीपॅप म्हणतात.

दाबाची हवा ही मात्र सर्वस्वीं नवी कल्पना नव्हती. लंडनमध्यें पूल्टन यांनीं १९३६ सालींच हृदयविकारानें फुप्फुसांत पाणी झालेल्या रोग्यांना अशी हवा दिली होती. आणि गंमत अशी कीं, त्यांनींहि हवेसाठीं व्हॅक्यूम क्लीनरचाच उपयोग केला होता. अमेरिकेंत जॉर्ज ग्रेगरी यांनीं १९७१ मध्यें श्वास न घेववणाऱ्या २० नवजात बालकांवर ही रीत वापरली, आणि त्यांतलीं १६ वांचलीं. सलिव्हन यांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं फुप्फुसाऐवजीं घशाचा विचार केला, आणि रुग्णालयांतील उपाय निजावयाच्या खोलींत नेला.

खोलींत नेणें सोपें नव्हतें. आरंभीं प्रत्येक रोग्याच्या नाकाचा सांचा घेऊन मुखवटा घडवीत. तो रोज रात्रीं सिलिकोननें चिकटवावयाचा आणि सकाळीं सोलून काढावयाचा. यंत्र मोठें, आवाजहि मोठा. १९८५ च्या सुमारास अमेरिकेंत रेस्पिरॉनिक्स या कंपनीनें विक्रीचें यंत्र काढलें. सिडनींतूनहि १९८९ मध्यें पीटर फॅरेल यांची कंपनी निघाली, तीच पुढें रेसमेड झाली. १९९० मध्यें सँडर्स व कर्न यांनीं श्वास घेतांना अधिक व सोडतांना कमी असा दुहेरी दाब देण्याची रीत दाखविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत दाब आपणच कमीअधिक करणारीं स्वयंचलित यंत्रें आलीं. म्हणजे आज निवड करणारापुढें जे प्रकार मांडले जातात, ते सारे पंधरा वर्षांत जन्मले.

त्यांतून निवडावें कसें? एका ठराविक दाबाचें साधें यंत्र आणि स्वयंचलित यंत्र यांच्या गुणांत, साध्या श्वासावरोधापुरतें पाहिलें तर, मोठा फरक पडत नाहीं. स्वयंचलितानें दाब ठरविण्याची प्रयोगशाळेंतील एक रात्र वांचते, हा त्याचा खरा फायदा. दुहेरी दाबाचें यंत्र महाग आहे. तें लागतें, तें मुख्यतः बर्वेल यांच्या रोग्यासारख्या, रक्तांत दिवसाहि कार्बन डायॉक्साइड सांठणाऱ्या माणसाला. महाग तें अधिक चांगलें, हा आपला बाजारांतील नियम येथें घातकहि ठरूं शकतो. प्रत्येक श्वासागणिक मदत जुळवून घेणारें एक फार हुशार यंत्र निघालें होतें. अशक्त हृदयाच्या आणि मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न मिळणाऱ्या रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. १९१५ चें नव्हे, २०१५ चें हें वर्तमान आहे: यंत्र वापरणारांत हृदयविकाराचे मृत्यु अधिक झाले. म्हणून रात्रीची तपासणी होऊन विकाराचा प्रकार कळल्यावांचून यंत्राचें नांवहि काढूं नये.

खरी निवड मुखवट्याची आहे. १९९३ मध्यें क्रिब्स व सहकाऱ्यांनीं ३५ रोग्यांच्या यंत्रांत त्यांना न कळत नोंद ठेवणारें साधन बसविलें. बहुतेक रोगी रोज यंत्र वापरतों म्हणून सांगत. दहांपैकीं सात दिवस निदान चार तास वापरणारे निघाले अवघे १६. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणांत २,७१७ रोगी होते. त्यांत यंत्रानें घोरणें व दिवसाची झोप कमी झाली, पण हृदयविकार वा पक्षाघात टळला असें दिसलें नाहीं. आणि सरासरी वापर होता रात्रीं ३.३ तास! कमी वापरामुळें असें झालें, कीं हृदयाला हा उपाय लागूच पडत नाहीं, याविषयीं तज्ज्ञांत वाद आहे. दिवसाच्या झोपेविषयीं मात्र आतां वाद राहिलेला नाहीं. ऑक्सफर्ड येथें १९९९ मध्यें १०७ पुरुषांपैकीं कांहींना खऱ्या दाबाचें व कांहींना नांवापुरत्या दाबाचें यंत्र देऊन तो मिटविला गेला.

यास्तव नाकाला काचणारा, कडेनें हवा सुटणारा मुखवटा घेऊं नये. केवळ नाकाचा मुखवटा बहुतेकांना पुरतो. तोंडानें श्वास घेण्याची खोड असेल तर तोंड व नाक दोन्ही झांकणारा घ्यावा. नाक कोरडें पडत असेल तर हवेला ओलावा देणारी टांकी जोडून मिळते. वीज गेली तर गुदमरेन ही भीति नको. मुखवट्यांत हवा येण्याजाण्याची सोय ठेवलेली असते. जुनें यंत्र घ्यावयाचें तर मात्र जपून. २०२१ च्या जूनमध्यें फिलिप्स कंपनीला, आवाज शोषणारा आंतला फेस झिजून त्याचे कण श्वासांत जाण्याचा संभव दिसल्यामुळें, आपलीं लक्षावधि यंत्रें परत बोलवावीं लागलीं. तसलें एखादें अद्याप कोणाच्या कपाटांत असूं शकेल.

हा परदेशचा विकार आहे असें समजणारांसाठीं एक मुंबईची गोष्ट सांगतों. हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३५ ते ६५ वयाच्या ६५८ शहरी पुरुषांची पाहणी २००४ मध्यें प्रसिद्ध केली. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते. तरीहि शेंकडा १९.५ जणांचा श्वास झोपेंत बिघडत असल्याचा, आणि शेंकडा ७.५ जणांना त्याबरोबर दिवसां झोपहि येत असल्याचा, निष्कर्ष निघाला.

आमचे काका या पाहणीच्या पुष्कळ आधीं गेले. कचेरींत त्यांचें नांव ‘झोपाळू’ पडलें होतें, आणि बढती दोनदां हुकली होती. गेल्या वर्षीं त्यांच्या मुलालाहि हाच विकार निघाला. त्यानें यंत्र लगेच विकत न घेतां पंधरा दिवस भाड्यानें आणलें, तीन मुखवटे लावून पाहिले, तिसरा ठेवला. यंत्रांतील नोंद डॉक्टरांनीं वाचली: रात्रीं सरासरी सहा तास. काकू शेजारच्या खोलींत निजतात. पहिल्या रात्रीं त्या दोनदां उठून दारापर्यंत आल्या. घोरणें ऐकूं येत नाहीं म्हणून.