नव्या गावी शाळाप्रवेश : रत्नागिरीत येणाऱ्या पालकांसाठी

बदलीचे आदेश बहुधा मे महिन्याच्या अखेरीस हाती पडतात आणि शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. बँका, कोकण रेल्वे, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकरीनिमित्त रत्नागिरीस येणाऱ्या कुटुंबांना या अवघ्या काही दिवसांत घर आणि शाळा दोन्ही शोधावी लागतात. याहून बिकट स्थिती असते ती वर्षाच्या मध्यावर येणाऱ्यांची. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली, की मिरकरवाडा बंदरात परप्रांतीय खलाशी परततात. पाऊस ओसरला, की चिरेखाणींवर कर्नाटकातील मजुरांची वर्दळ सुरू होते आणि आंब्याच्या हंगामात बागांच्या राखणीसाठी नेपाळी कुटुंबे येतात. या साऱ्यांच्या मुलांपुढे प्रश्न एकच असतो : शाळा सुरू होऊन महिने लोटले असताना प्रवेश मिळेल काय?

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला घराजवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी ही शाळा एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे.

गाव बदलणाऱ्या कुटुंबांसाठी या कायद्यातील चार तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम ५ नुसार कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, शाळा बदलावी लागल्यास मुलाला तसा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता अथवा लांबविता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत उलटून गेल्यानंतर आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावा लागतो. कलम १३ नुसार देणगी घेणे आणि मुलाची वा पालकांची चाचणी घेणे, दोन्हींस मनाई आहे.

येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. कलम ५ मधील शाळा बदलण्याचा हक्क शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत वर्षाच्या मध्यावर जागा मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पुष्कळ पालकांची निराशा होते ती नेमकी याच ठिकाणी.

अर्ज कोठे करावा?

रत्नागिरीत घर कोणत्या हद्दीत आहे, हे प्रथम पाहावे. शहरातील प्राथमिक शाळा नगर परिषद चालविते आणि त्यांचा कारभार प्रशासनाधिकाऱ्यांकडे असतो. मात्र नव्याने येणारी अनेक कुटुंबे नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव, खेडशी अशा लगतच्या गावांत घर घेतात. बोलण्यात हा सारा भाग ‘रत्नागिरी’च असला, तरी तेथे ग्रामपंचायती असून शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. तेथे मुख्याध्यापकांनंतर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा क्रम लागतो. चुकीच्या कचेरीत घातलेल्या हेलपाट्यांत आठवडा सहज जातो.

माध्यमाचा विचार आधी झालेला बरा. शहरात मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. भारत शिक्षण मंडळ आणि रत्नागिरी एज्युकेशन सोसायटी या जुन्या संस्थांच्या शाळांकडे, तसेच नगर परिषदेच्या दामले विद्यालयाकडे पालकांचा ओढा असतो. जेथे मागणी अधिक, तेथे जूनपूर्वीच चौकशी करावी. उलट जिल्हा परिषदेच्या अनेक वाडीशाळांत पटसंख्या इतकी घटली आहे, की नवे मूल आले तर शिक्षकांना आनंदच होतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळेत एकदोन मुलांची भरही मोलाची ठरते.

राज्यातल्या राज्यात बदली झाली असेल, तर बालभारतीची पुस्तके सर्वत्र सारखीच असल्याने अभ्यासक्रमाची अडचण फारशी येत नाही. जुनी पुस्तके मात्र सोबत आणावीत, कारण मोफत पुस्तकांचे वाटप वर्षारंभी झालेले असते. गोवा वा कर्नाटकातून येणाऱ्या मुलांना मराठीची तयारी करावी लागते. महाराष्ट्रातील शाळांत मराठी शिकविणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले असून केंद्रीय मंडळांच्या शाळाही त्यास अपवाद नाहीत.

कागदपत्रे

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जुने गाव सोडण्यापूर्वी तो घ्यावा आणि शाळेच्या दारातच शांतपणे वाचून पाहावा. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या नोंदी जनरल रजिस्टरमधून उतरविलेल्या असतात. चूक राहिली, तर ती पुढच्या प्रत्येक दाखल्यावर उतरते. पुढे जातपडताळणी किंवा पारपत्राच्या वेळी तीच चूक आड येते आणि तोपर्यंत दुरुस्ती फार कठीण झालेली असते. परराज्यातील दाखल्यावर तेथील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेण्याचा प्रघात आहे. तीही निघण्यापूर्वीच घेणे सोयीचे.

दाखल्यासोबत जन्मदाखला, प्रगतिपत्रक, छायाचित्रे आणि रहिवासाचा पुरावा जवळ ठेवावा. भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत भाडेकरार उपयोगी पडतो. आधार कार्ड बहुतेक शाळा मागतात. तथापि ते नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

कागदी दाखल्याच्या जोडीला आता संगणकावरील नोंदही हलवावी लागते. राज्याच्या ‘सरल’ आणि केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’ या प्रणालींत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते. जुन्या शाळेने ती मोकळी केल्याखेरीज मूल नव्या शाळेच्या पटावर पूर्णतः येत नाही. मूल वर्गात बसते, पण नोंद मागे राहते. म्हणून जुन्या शाळेचा यू-डायस क्रमांक, मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक आणि मुख्याध्यापकांचा दूरध्वनी टिपून आणावा.

पंचवीस टक्के जागांचे काय?

विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. हे प्रवेश केवळ पहिलीसारख्या प्रारंभीच्या वर्गात, वर्षातून एकदा आणि ऑनलाइन सोडतीने होतात. त्यामुळे तिसरी-चौथीत बदली होऊन आलेल्या मुलाला हा मार्ग मोकळा नाही. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून वगळण्याचा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरविला.

स्थलांतरितांची मुले

बंदरावर किंवा चिरेखाणीवर राहणाऱ्या कुटुंबाकडे वरीलपैकी बहुतेक कागद नसतात. अशा मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावरच टाकली आहे. मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढावा, असे कलम ४ सांगते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. मूळ गावच्या शाळेने दिलेले हे कार्ड दाखविले, की पुढच्या गावातील शाळा त्याला सामावून घेते. ज्याच्या बागेत वा बोटीवर हे लोक कामाला असतात, त्याने जवळच्या शाळेत नुसते कळविले, तरी काम पुष्कळ सोपे होते.

जुना प्रश्न

शाळाप्रवेश हा या जिल्ह्यात आजचा प्रश्न नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना वडिलांच्या बदलीमुळे १८६६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, पुण्याच्या शाळेत जावे लागले. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्याच्या मुलाला त्यात अडचण आली नसावी. मात्र १८९० च्या दशकात दापोलीत स्थायिक झालेल्या निवृत्त महार सैनिकांना आपल्या मुलांसाठी नगरपालिका शाळेकडे अर्जविनंत्या कराव्या लागल्या, आणि ती मुले प्रथम व्हरांड्यात बसविली गेली. दापोलीत काही काळ राहून साताऱ्यास गेलेल्या रामजी सकपाळ यांच्या मुलाचे, अर्थात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कूलच्या पटावर चढले. आज हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकरांनीही शाळांत सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसविण्यासाठी चळवळ केली होती.

नकार मिळाल्यास

प्रवेश नाकारला गेला, तर तोंडी वादात न पडता अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकाराचे कारणही लेखी मागावे. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. न मिटल्यास शहरात प्रशासनाधिकारी आणि गावात गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यावयाचा असून त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने म्हणजे एक सत्रच होय. तेव्हा तक्रार चालू ठेवूनही मुलाला जवळच्या ज्या शाळेत जागा असेल तेथे बसवावे. पसंतीच्या शाळेत पुढील जूनमध्ये पुन्हा अर्ज करता येतो. घरी बसून गेलेले महिने मात्र भरून काढणे मुलाला जड जाते.