परभणीतील वस्त्यांचा इतिहास व विद्यार्थी-संशोधक

परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९५६ साली ती द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आली. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. लोकांच्या आठवणी मात्र मराठीत आणि दखनीतही आहेत. त्यामुळे येथील मोहल्ल्याचा इतिहास एकट्या अभ्यासकाच्या आटोक्यात सहसा येत नाही.

अशा सामूहिक शोधाचा नमुना मुंबईत सापडतो. मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी तेथे स्थापन केलेल्या ‘पुकार’ या संस्थेने तरुणांचे गट करून त्यांच्याकरवी त्यांच्याच परिसराचा अभ्यास मुलाखती व छायाचित्रे यांच्या साहाय्याने करविला. संशोधन हा तज्ज्ञांचा मक्ता नसून सर्वांचा हक्क होय, हे प्रतिपादन अप्पादुराई यांनी २००६ साली मांडले.

परभणीच्या महाविद्यालयांस ही पद्धती विशेष उपकारक ठरावी. छायाचित्र वाडा दाखविते. तो कोणाकडून कोणाकडे गेला हे उर्दू दस्तऐवज सांगतो. का गेला, हे बहुधा वृद्धांच्या तोंडूनच कळते. ही तिन्ही साधने हाताळणारे विद्यार्थी एका गटात असले, तरच पुरावे परस्परांशी ताडता येतील. मात्र यांतील ध्वनिमुद्रणास अग्रक्रम मिळावयास हवा. कागद काही काळ थांबेल; १९४८ साल प्रत्यक्ष पाहिलेली पिढी थांबणार नाही.