महासागरी होड्यांवरचा शिधा

ताहिती ते हवाई हे अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. प्राचीन होड्यांच्या घाटावर बांधलेली 'होकुलेआ' ही शिडाची जोडहोडी १९७६ साली १ मे रोजी हवाईहून निघाली आणि ४ जूनला ताहितीला पोचली. पूर्वीच्या दर्यावर्द्यांनाही अशा सफरीसाठी महिनाभराचा शिधा उघड्या होडीत, दमट खाऱ्या हवेत टिकवावा लागे. ही बेटे ज्यात येतात त्या पूर्व पॉलिनेशियात तर धान्य नव्हते, धातू नव्हता, मातीची भांडीही उरली नव्हती. तरीही या लोकांनी हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत बेटे वसवली, कारण अन्न टिकवण्याचे बहुतेक काम ते होडी पाण्यात लोटण्याआधीच उरकत.

त्यातले सर्वांत महत्त्वाचे अन्न म्हणजे नीरफणस. कोकणात ज्याची कापे तळतात तेच हे फळ. हंगामात झाडे लगडतात, पण पिकलेला नीरफणस दोन-चार दिवसांत सडतो. म्हणून सोललेल्या फळांच्या फोडी पानांचे अस्तर लावलेल्या खड्ड्यात ठासून भरत आणि वर पाने व दगड रचून खड्डा बंद करत. आत हवा नसली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. हा गोळा वर्षानुवर्षे टिके. सामोआत त्याला 'मसी' म्हणतात, मार्शल बेटांवर 'ब्विरो'. १७६९ साली इंग्रज दर्यावर्दी कुकच्या जहाजावरून ताहितीला आलेल्या निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने त्याची नोंद केली आहे. सफरीच्या आधी हा गोळा मळून, पानांत बांधून तापल्या दगडांच्या भट्टीत भाजत. आंबवणे आणि भाजणे अशी या अन्नाची दुहेरी राखण होई.

मार्शल बेटांवर केवड्याच्या कुळातल्या पांडानसच्या फळांचा गर शिजवून फणसपोळीसारखा उन्हात वाळवत, मग त्याची वळकटी पानांत गुंडाळून दोरीने करकचून आवळत. हवाईत अळूचे कंद शिजवून पाण्याविना कुटत. हा घट्ट गोळा पानांत बांधला की बरेच दिवस राही; खाताना त्यात पाणी कालवले की पोई तयार.

पाणी भोपळ्यांत आणि बांबूच्या नळ्यांत भरत. नारळ मात्र खाणे आणि पिणे दोन्ही होते, आणि त्याला वेगळे भांडे लागत नसे. नव्या बेटावर वसायला निघालेल्या होड्यांत कोंबड्या, डुकरे, कुत्री जिवंतच असत. ताजी मासळी वाटेत गळाला लागे.

न्यूझीलंडच्या थंडीत नीरफणस रुजला नाही, नारळही नाही. तिथे माओरी लोकांनी वेगळी रीत बसवली. तिती या समुद्रपक्ष्याची पिल्ले शिजवून त्यांच्याच चरबीत बुडवायची आणि केल्प या समुद्री शेवाळाच्या रुंद पात्यांच्या पिशव्यांत भरायची. चरबी गोठली की हवा आत शिरत नाही. दक्षिणेकडच्या रकिउरा बेटाभोवती या पक्ष्यांची शिकार आजही दरवर्षी होते आणि त्यांचे मांस टिकवून ठेवले जाते.