भाकरीचा रंग आणि पितृभूमीचा दाखला

बुद्धपौर्णिमेला नालासोपाऱ्यातल्या बुरूड राजाच्या कोटावर आमची माणसे जमतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथले उत्खनन केले. स्तूपाच्या पोटातून करंडक आणि बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्यात सापडला. विरार-वसईच्या चाळींतून लेकराबाळांसह आलेली म्हातारी माणसे त्या विटांना हात लावून म्हणतात, "ही आपल्या पूर्वजांची भूमी." हे वाक्य मला आवडते आणि त्याची धास्तीही वाटते. कारण माझ्या वडिलांच्या गावीही आमच्या पूर्वजांचीच भूमी होती. पण तिथे आमचे घर गावकुसाबाहेर होते आणि पाणवठा वेगळा होता. पूर्वजांची भूमी असणे आणि त्या भूमीने आपल्याला आपले म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा भेद ज्यांनी सातासमुद्रापार भोगला, त्या मराठी माणसांचा इतिहास आपण वाचला पाहिजे. ती माणसे म्हणजे कोकणातले बेने इस्राएल.

अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. म्हणजे गावाने त्यांचा धर्म ओळखला नाही, त्यांना जात दिली. आडनावेही गावावरूनच पडली : दिवेकर, केहिमकर, पेणकर. पुढे ते मुंबईत आले, पलटणीत गेले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत प्रार्थनामंदिर बांधले. शिक्षण घेऊन ही मंडळी रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत, इस्पितळांत स्थिरावली. घरात बोली मराठी, लग्नात मेंदी, नवसाला पोहे-खोबऱ्याचा मलिदा.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि ही माणसे 'पितृभूमी'कडे निघाली. त्यांना इथून कोणी हाकलले नव्हते. ज्यूद्वेष म्हणून जे युरोपात घडले, ते कोकणाने त्यांना कधी दाखविले नव्हते. तरीही ती गेली, कारण तिथे आपण परके असणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

प्रत्यक्षात काय वाट्याला आले? बीरशेबा, पुढे दिमोना, येरुहाम अशी वाळवंटाच्या तोंडावरची वस्तीगावे. कारकुनाच्या हाती कुदळ आली. प्रार्थनेतली हिब्रू ओळखीची होती; पण दुकानातली, दवाखान्यातली, मुकादमाच्या तोंडची हिब्रू कळेना. भात-मासळीवर वाढलेल्या माणसाला रेशनचा पाव गिळावा लागला. आणि त्या पावालाही रंग होता. गोऱ्या युरोपियनांना पांढरा पाव, आम्हांला काळा, अशी तक्रार बीरशेब्याच्या बेने इस्राएलांनी केली. १९५१-५२ साली त्यांच्यातल्या एका गटाने धरणे धरले. मागणी एकच : आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा. १९५२ साली शंभराहून अधिक माणसे विमानाने मुंबईला परतली. इथे आल्यावर मात्र त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा इस्राएलला जाण्याची इच्छा धरली. या येरझाऱ्यांना कोणी चंचलपणा म्हणेल. मी म्हणत नाही. मागचे घर मोडलेले आणि पुढचे घर उभे न राहिलेले माणूस असेच हेलपाटे घालते.

पाव हा रोटीचा प्रश्न होता. बेटीचा प्रश्न पुढे आला. यांच्या पूर्वजांना घटस्फोटाचे व पुनर्विवाहाचे शास्त्रोक्त नियम ठाऊक नव्हते, परधर्मीयांशी त्यांचा संकर झाला असेल, अशी शंका काही धर्मगुरूंनी काढली. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने आदेश दिला की, बेने इस्राएल माणसाचे लग्न नोंदविताना त्याच्या आईकडचे पूर्वज शक्य तितक्या मागे जाऊन तपासावेत. ज्या पूर्वजांसाठी ही माणसे घरदार सोडून आली, त्याच पूर्वजांचा दाखला त्यांच्याकडे मागितला गेला! ती गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले.

इथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. पण इतिहास पुरता सांगायला हवा. कोकणात असताना याच समाजात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग होते. परजातीच्या बाईपासून झालेली संतती ती 'काळी'. गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. त्यांचा हात स्वयंपाकाच्या भांड्यांना लागू देत नसत. मुंबईचे बगदादी ज्यू या दोघांनाही कमी लेखीत. शुद्धतेची ही उतरंड कोकणातल्या मातीतच घडली होती. ज्यांनी इथे दुसऱ्याला काळे ठरविले, ते तिथे स्वतः काळे ठरले. जातीचा नियमच असा की, पायरी बदलली तरी जिना तोच राहतो.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना सांगितले की, आपल्याला मायभूमी नाही. त्या बोलण्याचा अर्थ मला बीरशेब्याच्या पावात सापडला. मायभूमी पूर्वजांच्या हाडांनी सिद्ध होत नाही. पाव कोणता मिळतो, पाणी कुठले मिळते, पोरीच्या लग्नात वंशावळ कोण मागतो, यांवर ती सिद्ध होते.

आज इस्राएलमधली बेने इस्राएलांची नवी पिढी हिब्रूत वाढली आहे. तरी मलिदा होतो, आणि मराठी जपण्यासाठी तिथे 'मायबोली' नावाचे नियतकालिकही निघाले. सोडलेली भूमी जिभेवर राहिली. मिळविलेली भूमी मात्र धरणे धरूनच मिळाली.

म्हणून कोटावर जमणाऱ्या माझ्या माणसांना मी एवढेच विचारतो : धम्म घेतल्यावरही आपण सोयरीक जुळविताना पोटजात विचारतोच ना? ती विचारणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी सोपाऱ्याच्या विटा खऱ्या अर्थाने आपल्या होतील. तोवर आपण तिथे पाहुणे आहोत.