केपचा वीकेंड आणि सायमनची आजी

केप टाउनचे रील्स पाहिले असतीलच. सकाळी स्टेलनबॉशला वाइन, दुपारी सायमन्स टाउनला पेंग्विन, संध्याकाळी समुद्र. आता गंमत बघा, या दोन्ही गावांना नाव एकाच माणसाचं. सायमन व्हॅन डर स्टेल, डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधला प्रमुख. (आमच्या कोडमध्ये एकच नाव इतक्या ठिकाणी दिसलं असतं तर रिव्ह्यूत अडकलं असतं.)

केपची पहिली वाइन निघाली २ फेब्रुवारी १६५९ ला. स्टेलने १६७९ मध्ये स्टेलनबॉश वसवलं, १६८५ मध्ये कॉन्स्टान्शियाची जमीन मिळवली. तिथली गोड वाइन पुढे सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनपर्यंत पोचायची.

पण मळ्यात राबायचं कोण? गुलाम. मादागास्करचे, इंडोनेशियाचे, आणि हो, आपल्या बंगालचे, मलबारचे, कोरोमंडलचे. त्यांच्या नावापुढे आडनाव नाही, 'बंगालची', 'मलबारचा' एवढंच लिहायचे.

आणि स्टेलच्या आईची आई, मोनिका, भारताच्या किनाऱ्यावरची गुलाम बाई होती. नातू मात्र गुलामांचा मालक! हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसताच बसलो.

१८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, खरी सुटका १८३८ ला. तरी मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची 'डॉप' पद्धत विसाव्या शतकातही चालू राहिली.

पेंग्विन तसे नवे. १९८२ मध्ये बोल्डर्स बीचवर दोन जोड्या आल्या, आता तिथे तिकीट लागतं. मोनिकाच्या नावाचं गाव मी मॅपवर शोधलं, सापडलं नाही.