स्थूलता आणि प्रौढ पुरुषांचा एक कर्करोग

अंगाने भरलेल्या मनुष्यास ‘खात्यापित्या घरचा’ म्हणण्याची आपली रीत जुनी आहे. आमचे मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, ज्या खानदेशात मोडते, त्या प्रांताने इ. स. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ सोसला. ज्या पिढ्यांनी माणसांचे सापळे झालेले पाहिले, त्यांस सुटलेले पोट वैभवाचे चिन्ह वाटले, यात नवल नाही. परंतु या वैभवाचा एका गंभीर रोगाशी जो संबंध जोडला गेला आहे, त्याचा इतिहास प्रत्येक प्रौढ गृहस्थाने ऐकण्याजोगा आहे.

चरकसंहितेत स्थूल मनुष्याचे आठ दोष सांगितले असून त्यांत पहिला दोष आयुष्याचा ऱ्हास हा आहे. सुश्रुतसंहितेत मूत्रमार्ग अडविणाऱ्या दगडासारख्या कठीण गाठीचे वर्णन आढळते. मात्र या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, ही कल्पना पुष्कळ पुढच्या काळातील आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी पुरुषास असते. तिला प्रोस्टेट अथवा पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. तिचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून लंडनच्या जॉन अ‍ॅडम्स या शस्त्रवैद्याने इ. स. १८५३ मध्ये वर्णिला, तेव्हा तो रोग अत्यंत विरळा समजला जाई. हा मुख्यत्वे उतारवयाचा रोग होय. आपल्या देशात तर स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मानच ३२ वर्षांच्या आसपास होते. मग तो दृष्टीस पडणार कोठून?

इ. स. १९४१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. फेब्रुवारीत मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. आणि त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी या ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, असे दाखविले. या शोधाबद्दल त्यांस १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मेद हा केवळ निष्क्रिय साठा नसून संप्रेरकांच्या व्यवहारात ढवळाढवळ करणारा घटक आहे, हे उमगल्यावर दोन्ही धागे जवळ आले.

तथापि येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. स्थूल मनुष्यास हा कर्करोग होतोच असे नाही. सडपातळ मनुष्यासही तो होतो. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१४ च्या अहवालाने इतकेच म्हटले की, स्थूलतेमुळे या रोगाच्या पुढे गेलेल्या, अधिक घातक प्रकाराचा धोका बहुधा वाढतो. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी स्थूलतेशी निश्चित संबंध असलेले १३ कर्करोग गणले, त्यांत प्रोस्टेटचा समावेश केला नाही. त्याच्या प्राणघातक प्रकाराविषयीचा पुरावा त्यांनी मर्यादित मानला. म्हणजे प्रश्न रोग होण्यापेक्षा त्याच्या उग्रतेचा अधिक आहे.

त्यात आणखी एक अडचण आहे. या रोगाच्या शंकेवरून रक्तातील पी. एस. ए. नामक द्रव्य मोजतात. स्थूल शरीरात रक्तरसाचे प्रमाण अधिक असल्याने ते द्रव्य पातळ होऊन आकडा कमी दिसतो, असे २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. समाधानकारक आकडा पाहून स्थूल गृहस्थ निश्चिंत बसला, तर मोलाचा काळ हातचा जाऊ शकतो.

सडपातळ दिसणाऱ्यांनीही गाफील राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिनांचा ९.१ टक्के भरला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये त्या दोघांचे छायाचित्र या माहितीसह प्रसिद्ध झाले. आपल्या लोकांचा मेद बाहेरून ओळखू येत नाही, याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

लघवीस अडथळा होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीत रक्त दिसणे, ही लक्षणे पुष्कळदा साध्या कारणांनीही उद्भवतात. परंतु वयाचा परिणाम म्हणून ती लाजेने घरात झाकून ठेवणे हितावह नाही. डॉक्टरांस ती निःसंकोच सांगावी, आणि तपासणीचा आकडा कमी आला तरी आपल्या वजनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे त्यांस अवश्य विचारावे. दुष्काळाच्या दिवसांत भरलेल्या अंगास जो मान मिळाला, तो त्या काळास शोभत होता. पोटभर अन्न मिळणाऱ्या आजच्या घरांनी तो तसाच चालविण्याचे कारण उरलेले नाही.